कोणी किती जागा खाल्ली

कचेरीचे संगणक सांभाळणाऱ्या निखतने प्रिंटरमधून निघालेला कागद ओढून घेतला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. कचेरीचा सर्व्हर गच्च भरला होता. दुपारी समिती येणार, आणि साहेबांच्या स्लाइड-शोची शेवटची स्लाइड काही केल्या सेव्ह होईना. म्हणून कोणी किती जागा खाल्ली, याचा नावनिशीवार तक्ता त्यांनी मागवला होता.

कमलाकांत साहेब अमरावतीच्या पाहणी कक्षाचे प्रमुख. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कारणं शोधायला हा कक्ष निघाला होता. कारणं सोडून बाकी सगळं इथे सापडायचं.

"खुशालराव, एक्क्याऐंशी टक्के!" साहेब हसले. "साधा पाहणी करणारा माणूस. लोकांच्या घरी चहा पिऊन येतो आणि इथे कादंबऱ्या लिहितो की काय? माझ्या नावावर किती?"

"शून्य, सर."

"बघा. याला शिस्त म्हणतात."

साहेबांना त्यांचा पासवर्ड दिला त्याच दिवशी ते तो विसरले होते. ही ती शिस्त. खुशालरावांनी मात्र आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला होता, अडल्यानडल्याच्या उपयोगी पडावा म्हणून. तेव्हापासून अख्खी कचेरी त्यांच्याच नावाने आत शिरायची. साहेबांच्या मुलाच्या, पुष्करच्या लग्नाची चित्रफीत, हेडक्लार्कची गाणी, आणि तो स्लाइड-शोसुद्धा, सगळं खुशालरावांच्या नावावर. आयत्या बिळावरचे नागोबा आता बिळाच्या मालकालाच हाकलायला निघाले होते.

"त्याच्या नावावरचं सगळं उडवा."

"सर, पण त्यात तुमचंही..."

"मॅडम, तुम्ही कंत्राटी आहात. सल्ला मागितला का मी?"

"मग लेखी द्या, सर."

साहेबांनी तक्त्यावरच 'सर्व काढून टाकावे' असं लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

खुशालराव बाहेर बाकावर बसले होते. निखतने त्यांना कागद दाखवला.

"काका, तुमचं सारंच पुसाचा हुकूम आहे. त्यात तुमचं स्वतःचं काय आहे?"

"घरभेटीचं तेवढं." ते बाकावरून उठले. "तीनशे बारा घरं, पोरी. सात वर्सं यष्टीनं फिरलो. त्याची दुसरी प्रत नाई माह्यापाशी. ते काहून पुसते?"

निखतच्या अंगाचा तिळपापड झाला. घरभेटी खुशालरावांच्या नावावर ठेवाव्यात, तर हुकूम मोडल्यासारखं होणार. रिकामं खातं एकच होतं, साहेबांचं. तिने घरभेटी तिकडे हलवल्या आणि बाकीचं सगळं, हुकुमाबरहुकूम, पुसून टाकलं.

तीन वाजता समितीच्या अध्यक्षबाई आल्या. साहेबांनी स्वागताचे चार शब्द बोलून पडद्याकडे हात केला. पडद्यावर काहीच नव्हतं.

"माझा स्लाइड-शो कुठाय?" ते निखतच्या कानाशी फिसकारले.

"खुशालरावांच्या नावावर होता, सर. तुम्हीच लिहून दिलंत. तुमच्या नावावर ही एवढी घरभेटींची फाईल आहे."

"तीच उघडा की," अध्यक्षबाई म्हणाल्या.

फाईल उघडली. एकेका घराचं एकेक पान होतं. गेलेल्याचं नाव, मागे उरलेली बाई काय बोलली, पोरं कितवीत आहेत, म्हैस विकली की आहे. अध्यक्षबाई वाचत राहिल्या. चहा आला, तसाच राहिला.

"असं काम मी एकाही जिल्ह्यात पाहिलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या नावावर आहे. हे तुम्ही केलंत?"

साहेबांनी कोटाचं बटण लावलं.

"हो. मीच केलं," ते म्हणाले. लाज त्यांच्या वाटेला कधी गेलीच नव्हती, आजही गेली नाही.

दाराशी उभ्या असलेल्या खुशालरावांनी मान खाली घातली. निखतला वाटलं, ओरडून सांगावं.

अध्यक्षबाईंचं बोट पडद्यावर एका ओळीशी थांबलं होतं. "तिवशाच्या मैनाबाई. पुढच्या आठवड्यात परत येतो, असा शब्द दिलाय तुम्ही त्यांना. अजून गेलेले दिसत नाही. चला, गाडी आहे, आत्ताच जाऊन येऊ. तुम्हाला बघून बरं वाटेल त्यांना."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. त्यांना ना गल्ली ठाऊक, ना घर. खुशालराव खाली वाकून चपला घालत होते.

"मी तं साडेचारच्या यष्टीनं निंगालोच होतो, साहेब," ते म्हणाले. "बुढीले माहं तोंड ठाऊक हाय. तुमी कोण, म्हणून सांगू तिले?"