संगमेश्वर शेटचा फ्लेक्स

नांदेडची अर्धी मॅरेथॉन पुरी करून संगमेश्वर जळकोटला परतला, आणि त्याच दिवसापासून त्याचं पळणं बंद पडलं. गावानं बंद पाडलं म्हणा. किराणा दुकानदार इतकं अंतर पळतो, ही गोष्ट गावाला पचायला जड. आणि न पचणाऱ्या गोष्टीवर गावाकडं औषध एकच, सत्कार. व्यापारी मंडळानं केला, मठात झाला, पतसंस्था तरी मागं कशी राहील? चौकात फ्लेक्स लागला. घामानं निथळलेला, सडपातळ संगमेश्वर, दोन्ही हात वर. खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्यातले निम्मे झेंडावंदनालाही उशिरा पोचणारे.

शाली कपाटात मावेनात. सत्कारातल्या नारळांची चटणी वाटून त्याची बायको वर्षाराणी कंटाळली. संगमेश्वर मात्र म्हणायचा, "सोमवारपासून सुरू करतो." एखाद्या सोमवारी बूट घालून निघायचाही. पण चौकातला हॉटेलवाला गुरुपादप्पा हाक मारायचा, "चॅम्पियन, चहा घ्या," आणि चॅम्पियन बाकड्यावर टेकायचे. मग नांदेडची गोष्ट निघायची. ती सांगताना शेवटचा चढ दर खेपेला थोडा उंच व्हायचा.

एके दिवशी बिस्किटं घेऊन एक नवा सेल्समन दुकानात आला. फ्लेक्सकडं बोट करून अदबीनं म्हणाला, "चौकातले ते तुमचे धाकटे बंधू का, शेट?"

आत वर्षाराणी तूर निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.

संगमेश्वरनं त्या दिवशी बिस्किटं घेतली नाहीत. संध्याकाळी शाळेचे मुख्याध्यापक शरदचंद्र सर आले. महिन्याभरानं पोरांची धावण्याची शर्यत होती, हिरवी झेंडी दाखवायला गेल्या वर्षीसारखा पाहुणा म्हणून तोच हवा होता. सर गेल्यावर तो बायकोला म्हणाला, "यंदा झेंडी दाखवून थांबणार न्हाई. पळणार."

"पळा की. कुणी धरलंय?"

"मागं पडलो तर? चौकात फोटो हाय माझा."

"अवो, फोटोला पाय न्हाईत. तुम्हाला हायत अजून."

त्याला रात्रभर झोप लागली नाही. उजाडताच तो शेतकरी दोस्त व्यंकटीला घेऊन चौकात गेला आणि बांबूवर चढून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागला. गुरुपादप्पा धावत आला. "शेट, हे काय करायलात? गावाची शान हाय ती."

"शान वाळत घातलीया इथं," संगमेश्वर वरूनच म्हणाला. "व्यंकटीच्या सोयाबीनची गंजी उघडी हाय. तिला तरी उपयोग होईल."

व्यंकटीनं फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेतली. "लई जड झालात, शेट. लहानपणी माझ्या खांद्यावर बसायचात तरी इतके नव्हतात."

त्या दिवसापासून संगमेश्वर चौक टाळून मागच्या पांदीनं, शेतांमधल्या वाटेनं पळायला लागला. पळणं कसलं, चार पावलं पळणं आणि दम खाणं. पोटरीत गोळे यायचे, बांधावरची म्हैस मान वळवून बघायची. घरी आल्यावर बूट काढायला वाकणं नको वाटायचं. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निघायचा, सोमवार असो की नसो.

शर्यतीच्या सकाळी त्यानं झेंडी हलवली, ती सरांच्या हातात कोंबली आणि पोरांमागं सुटला. सर "अहो, पाहुणे!" म्हणेपर्यंत पाहुणे फाटकाबाहेर. पहिल्याच वळणावर पोरं दिसेनाशी झाली. मग मागच्या रांगेतल्या पोरीही पुढं गेल्या. एक जाता जाता म्हणाली, "काका, हळू या, काही घाई न्हाई." त्यानं मान हलवली, बोलायला हवा उरली नव्हती. पण चालला नाही.

तो परतला तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि मांडव सुटत होता. सर मात्र शाल-नारळ घेऊन उभे होते, शेजारी खुर्ची. "या शेट, बसा. जिद्दीचा सत्कार झालाच पाहिजे."

संगमेश्वरनं पळतापळताच हात जोडले. "सर, बसवू नका. मागं बसलो होतो, उठायला वर्ष गेलं."

आणि तो मैदान ओलांडून तसाच पांदीला लागला. व्यंकटीच्या शेतात गंजीवर फ्लेक्स पसरला होता, चार कोपऱ्यांवर दगड. सडपातळ संगमेश्वर हात वर करून, उताणा, आभाळाकडं बघत हसत होता. खालून जाडा संगमेश्वर धापा टाकत आला, त्याच्याकडं एकदा बघून पुढं गेला.