इन्शाच्या मुखवट्याची गाठ

काष्टीच्या इन्शाला मी तलवारबाजी शिकवतो. तिची तलवार सेबर, म्हणजे सगळ्यात चपळ प्रकार. उन्हाळ्यात तिचा भाऊ परवेझ याने तिची एक रील टाकली. गुण मिळताच इन्शा मुखवटा ओढून काढते, वेणी झटकते आणि आरोळी ठोकते. एवढंच. पण ती लाखो लोकांनी पाहिली. आठवडे बाजारात भाजीवाल्याही तिला आरोळीचा आग्रह करू लागल्या.

इन्शाला मजा वाटली, पण हाताला खोड लागली. पंचांच्या निर्णयाआधी मुखवटा काढला तर पिवळं कार्ड. त्याच लढतीत पुन्हा काढला तर लाल, म्हणजे समोरचीला आयता गुण. मी रागावलो नाही. घाव बसला की आधी हल्ला कोणी सुरू केला ते सांगायचं, मगच मुखवट्याला हात लावायचा, असा सराव घेतला. तो जमायचा. पण परवेझने मोबाईल वर धरला की ती विसरायची.

श्रीरामपूरला जिल्हा संघाची निवड होती. मुलींची एकच जागा उरली होती आणि त्यासाठी शेवटची लढत तिथल्याच सायलीशी होती. सुरुवातीलाच इन्शाने मुखवटा काढला आणि पिवळं कार्ड घेतलं.

आठ गुणांवर मिनिटभराची विश्रांती असते. इन्शा माझ्याकडे न येता थेट लढत पाहायला आलेल्या दादीकडे, मुबारकबींकडे गेली. मुबारकबी कांद्याच्या वखारीत पोती बांधतात.

"दादी, पोत्याची गाठ मार."

मुबारकबींनी भाकरीच्या पिशवीची सुतळी सोडली आणि तिने मुखवट्याचा मागचा पट्टा आवळला. "टेम्पोतून पोतं पडलं तरी सुटत न्हाई ही. तुझ्या हाताचं काय घेऊन बसलीस?"

पंचांनी गाठ चाचपली, हसले आणि चालेल म्हणाले.

चौदा-चौदा झाले. पंधरावा गुण घेईल ती जिंकणार. शेवटच्या घावाला दोन्ही दिवे एकदम लागले, म्हणजे घाव दोघींचे बसले; अशा वेळी गुण आधी हल्ला करणारीला. इन्शाचा हात सवयीने डोक्यामागे गेला. तिने ओढलं, पुन्हा ओढलं. गाठ हलली नाही. मुखवटा निघाला असता तर लाल कार्ड आणि आयता गुण सायलीला. पंचांनी क्षणभर विचार केला आणि इन्शाच्या बाजूचा हात वर केला. हल्ला आधी तिचा होता.

आता सलामीसाठी मुखवटा काढायलाच हवा होता, आणि तो निघेना. मी उठलो, तोवर सायलीच मागे जाऊन वाकली. तिचे वडील मार्केटात हमाल.

"ही तर आमच्या मार्केटची गाठ. हे टोक ओढायचं असतं, येडे."

एका ओढीत सुतळी सुटली. दोघींचे केस पिंजारलेले, दोघी हसून लाल. हरल्याचं सायलीला तेवढ्यापुरतं तरी आठवत नव्हतं.

परवेझची ही रील आधीच्या रीलच्याही पुढे गेली. आरोळीचं कोणी विचारत नाही. सगळ्यांना गाठ शिकायची आहे. मुबारकबींनी कळवलंय, शिकवीन, पण पोतं ज्याचं त्याने आणायचं.