मी एकटीनंच चाखलं

खरं सांगा, रस्सा उकळत असताना तुम्ही पळीतले दोन थेंब तळहातावर घेऊन चाखता का? चाखत असाल तर तुमच्या घरच्या पळीला माझा नमस्कार सांगा. ती सुखी असणार. मी नव्हते.

मी पळी बोलतेय. पितळेची, लांब दांड्याची, आमटी ढवळायची पळी. पंचपात्रातली देवाची पळी वेगळी, ती नुसतं पाणी पिते. मी सगळं खाल्लंय. आणि गेल्या सात महिन्यांत जे खाल्लं ते आठवलं की अजून माझ्या दांड्याच्या टोकापर्यंत शिसारी जाते.

माझा जन्म करकंबचा. तिथल्या बाजारात एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच्या हातोडीचे ठोके माझ्या पाठीवर अजून मोजता येतील. नीलम्माच्या आईनं मला लेकीच्या लग्नातल्या भांड्यांत घातलं आणि मी सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या घरात आले. नीलम्माचे यजमान सिद्धलिंगप्पा कापडाचे व्यापारी. ताटावर बसले की आधी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायचे, अन्न दाखवायचे, मगच पहिला घास.

त्या घरात दोन नियम होते. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, ते उष्टं होतं. आणि देवाला न दाखवलेलं खायचं नाही.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चाळीस वर्षं नीलम्मानं तीच कटाची आमटी केली, सणाला तीच गव्हाची गोड खीर, हुग्गी, केली. मीठ तिच्या चिमटीला पाठ होतं. रंग बघून, वास घेऊन, माझ्या पाठीवरून रस्सा कसा ओघळतो ते बघून तिला सगळं कळायचं. चाखायची गरजच कुठे होती? दर दिवाळीला कल्हईवाला दारात यायचा. माझ्या पोटाला चांदीसारखी कल्हई चढायची आणि मी वर्षभर निर्धास्त चिंचेच्या आमटीत बुडायची. सुखाचे दिवस होते ते.

सिद्धलिंगप्पा गेले. घरात नीलम्मा आणि तिची एकुलती एक लेक धनलक्ष्मी उरल्या. धनलक्ष्मी टॉवेलच्या एका कारखान्यात ऑफिसमध्ये कामाला होती. तिथे कोरियातून नवे माग आले आणि ते बसवायला तिकडचा मिन्सू आला. माग बसले, पण मिन्सू परत गेला नाही. त्यानं धनलक्ष्मीला मागणी घातली.

नीलम्मानं दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "माझी पोर माझ्या नजरेसमोर हितंच राहिली पायजे. आन् घरात मास-मच्छी शिजणार न्हाय."

मिन्सूनं दोन्हीला मान डोलावली, लग्न झालं आणि तो याच घरात राहायला आला. शब्दही पाळला. माणूस वाईट नव्हता. मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्याच्याबद्दल बरंच वाईट बोलणार आहे.

तो जेवायला बसला की मला बघवायचं नाही. आमटीतलं कोथिंबिरीचं एकेक पान तो दोन काड्यांनी उचलायचा आणि ताटाच्या कडेला ओळीनं लावायचा, मुंग्या मारून ठेवाव्यात तसं. मग मोहरी. मग कढीपत्ता. भात आमटीला लागला की त्याला भात नको, आमटी भाताला लागली की आमटी नको. एवढा मोठा माणूस, एवढाले माग बसवतो, आणि मोहरीला घाबरतो! मला किळस यायची.

नीलम्मा म्हणायची, "लई नखरे हायत जावयाचे."

"अव्वा, त्याला सवय नाही गं," धनलक्ष्मी म्हणायची. "मी त्याच्या देशाचं करून घालते."

तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

फोन डब्याला टेकवून ती व्हिडिओ लावायची. त्यातली बाई काय बोलते ते एका अक्षरानं कळायचं नाही, नुसते हात बघायचे. त्या बाईनं लाल तिखट घातलं की हिनं काळं तिखट घातलं, कारण घरात तेच होतं. बाईनं माशाचा अर्क घातला, तिथं हिनं चिंचेचा कोळ आणि गूळ घातला. वर व्हिनेगर. त्यात कोबी. त्यात मी.

बाई गं! गोड, आंबट, जळजळीत आणि त्यातून कोबीचा तो कुजका वास. तीन दिवस ते बरणीत फसफसत राहिलं आणि रोज मला त्यात घालून ढवळलं गेलं.

शेजारची चंद्रिका विरजण मागायला आली आणि दारातच थांबली. नाकाला पदर लावून म्हणाली, "काय गं धनू, घूसबीस मेलीय का काय घरात?"

"वैनी, किमची आहे ती."

"मग असं उघड्यावर का ठेवलीस? पुरून टाक की!"

आतून मिन्सू म्हणाला, "व्हय. आमच्याकडे पुरतात."

चंद्रिका विरजण न घेताच गेली.

मग नूडल्स झाल्या. त्याला तिळाचं तेल लागतं असं व्हिडिओत दिसलं. नीलम्मा म्हणाली, "त्ये घरात हाय की. समईचं." आणि समईसाठी आणलेली वासाच्या तेलाची बाटली धनलक्ष्मीनं कढईत ओतली. मी आयुष्यात खूप काही ढवळलंय, पण उदबत्तीच्या वासाच्या शेवया ढवळताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या देशाचं जमेना म्हणून मग तो इटलीचा पास्ता, पांढऱ्या सॉसमध्ये शेंगदाण्याचा कूट घालून. तो थंड झाल्यावर माझ्या पोटाला असा चिकटला की काथ्यानं घासूनही निघेना. मग अंड्याऐवजी बेसन घालून केलेलं काहीतरी. त्याला नाव नव्हतं आणि नसलेलंच बरं.

यातलं काहीच देवाला दाखवायचं नव्हतं. व्हिनेगरचं आणि कसलं कसलं देवापुढं कसं ठेवणार? आणि देवाला दाखवलं नाही म्हणून मायलेकी ते खातही नव्हत्या. मिन्सूला ताट बाहेरच्या टेबलावर वाढलं जायचं आणि त्याचं झालं की दोघी आत बसून भाकरी, आमटी, शेंगांची चटणी खायच्या. त्यांच्या आमटीला आता लाकडी डाव होता, कारण मी सदा मिन्सूच्या पातेल्यात.

म्हणजे काय झालं ते लक्षात आलं का? त्या घरात शिजणाऱ्या प्रत्येक परदेशी पदार्थाची चव करणारीला ठाऊक नव्हती. ती फक्त दोघांना ठाऊक होती. एक मिन्सू आणि दुसरी मी.

आणि मिन्सू काय म्हणायचा? दोन घास घ्यायचा, डोळ्यांत पाणी यायचं, मान खाली घालून म्हणायचा, "लई छान. पोट भरलं."

खोटारडा! त्याच्या त्या "लई छान"ची तर मला व्हिनेगरपेक्षा जास्त शिसारी यायची. धनलक्ष्मी दाराआडून ते ऐकायची, उरलेलं ताट बघायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी अवघड काहीतरी करायला घ्यायची. नोकरीवरून दमून यायची आणि पुन्हा दोन-दोन तास ओट्यापाशी. हातावर तेलाचे डाग, बोटांना कापलेलं. आणि हा माणूस वाळत चालला. त्यानं एक दिवस खिळा तापवून पट्ट्याला नवं भोक पाडलं. महिन्यानं आणखी एक.

मग ते पत्र आलं. धनलक्ष्मीनं ते फ्रिजला चिमट्यानं लावलं.

"कसला कागद हाय गं?" नीलम्मानं विचारलं.

"त्याच्या कंपनीचा, अव्वा. परत बोलावतायत. कायमचं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

"आन् तू?"

"मी त्याची बायको आहे की."

नीलम्मा लसूण सोलत होती. तिनं एक पाकळी बराच वेळ सोलली. मग म्हणाली, "जाऊ दे बाई. हितं त्याच्या पोटाला काय मिळंना. माणूस अन्नावर जगतंय, सासूच्या शब्दावर न्हाय."

"अजून रविवार आहे," धनलक्ष्मी म्हणाली. "रविवारी वाढदिवस आहे त्याचा. त्याच्या आईनं समुद्रातली भाजी पाठवलीय, वाढदिवसाला तिकडे तिचंच सूप करतात. ते त्याला आवडेलच. ते जमलं तर तो राहील."

रविवारी तिनं ते पुडकं फोडलं. काळी, कागदासारखी चुरचुरीत पानं. एवढ्याशानं काय होणार म्हणून तिनं सगळं पुडकं पाण्यात टाकलं आणि आंघोळीला गेली. ती आली तेव्हा पातेल्यावरचं झाकण खाली पडलं होतं आणि ओट्यावरून हिरवा, बुळबुळीत, लांबच लांब पाला लोंबत होता. अर्धा परातीत काढला, मग बादलीत, तरी तो वाढतोच आहे.

"अय्यो!" नीलम्मा ओरडली. "विहीर उपसलीस काय गं?"

त्या शेवाळात मला घातलं. सांगू नये ते सांगते. एखाद्यानं नाक शिंकरून ओंजळीत द्यावं तसं ते माझ्या पोटातून घसरत होतं. समुद्राचा वास मारायला धनलक्ष्मीनं चिंच घातली. चव यावी म्हणून समईचं तेल घातलं. मिठाचा तिला अंदाजच येईना, कारण तो पदार्थ तिच्या आईनं, आजीनं, कुणीच कधी केला नव्हता. तिनं दोनदा मिठाच्या डब्याकडे हात नेला आणि दोनदा मागे घेतला.

चाख की, मी मनात ओरडले. एक थेंब घे! पण पळीचं कोण ऐकतं?

मिन्सू नवा शर्ट घालून बसला होता. सूप बघून त्याचा चेहरा असा उजळला की तसा मी सात महिन्यांत पाहिला नव्हता. त्यानं एक चमचा तोंडात घातला. थांबला. गिळला. दुसरा चमचा घेतला आणि उठून बेसिनकडे पळाला.

त्याच्या ओकण्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येत होता. धनलक्ष्मी मला हातात धरून तशीच उभी राहिली. तो परत आला तेव्हा ती फुटली.

"तुझ्या आईनं पाठवलेलंसुद्धा तुला नको? काय आवडतं रे तुला? सात महिने मी मरमर मरतेय!"

मिन्सू तोंड पुसत म्हणाला, "तुला हे आवडते?"

"मला कशाला आवडायला पाहिजे?"

"तू खाते ना. आत, अव्वाबरोबर. रोज."

"आम्ही? आम्ही भाकरी खातो."

"पण चाखते ना?"

"आमच्यात चाखत नाहीत."

मिन्सू खुर्चीत बसला. आधी धनलक्ष्मीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सात महिने," तो हळूच म्हणाला, "कोणीच नाही चाखलं?"

"मग तू 'लई छान, लई छान' कशाला म्हणायचास?"

"तू खूप कष्ट करते. मी वाटलं, तू पण हेच खाते, गप्प. मी नाही खाल्लं तर लाज. नूडल्सला देवळाचा वास. मी वाटलं, सोलापूरला असंच करतात."

धनलक्ष्मीला हसू येत होतं की रडू, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदम येत असावं. मला मात्र त्या दोघांची अशी चीड आली! तिनं नियमापायी तोंड बंद ठेवलं, त्यानं भिडेपायी. आणि दोघांचं पाप मी पोटात घेतलं.

नीलम्मा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"धनू," ती म्हणाली, "उद्या सकाळी बादलीतल्या उरल्या पाल्याचं हेच परत कर. आधी देवाला दाखवू, मग तू चाख. मग काय कमी-जास्त त्ये कर."

"अव्वा, हे? देवाला?"

"झाडपालाच हाय की त्यो. पाण्यातला असला म्हणून काय झालं? देवाला नको असंल तर देव मला बघून घेईल. तू चाख." मग थोडी थांबून म्हणाली, "आन् समईचं तेल नको. त्ये जळायला असतंय. त्ये मी सांगितलं, माझी चूक हाय."

नीलम्माला मी चाळीस वर्षं ओळखते. नियम मोडताना तिला मी पाहिलेलं नाही. त्या दिवशीही तिनं मोडला नाही. लेक जवळ राहावी म्हणून तिनं त्यातच जरा जागा केली.

आता माझंही एक सांगून टाकते. इतका वेळ मी सगळ्यांना नावं ठेवली, पण स्वतःचं लपवून ठेवलं. गेल्या दोन दिवाळ्यांत कल्हईवाला आलाच नाही. माझ्या पोटाची कल्हई पार उडाली होती. व्हिनेगर लागलं, चिंच लागली की माझं पितळ त्यात उतरायचं. जिभेवर पैसा ठेवल्यासारखी ती कळकलेली, हिरवट चव माझी होती. काळं तिखट तिचं, तेल समईचं, पण ओकारी आणणारा तो शेवटचा कडवटपणा माझा. मी ते ओळखलं होतं. ज्या दिवशी ओळखलं त्या दिवसापासून मला सगळ्यांत जास्त किळस माझीच आली.

तेव्हा बायांनो, एवढंच मागणं आहे. ज्याला वाढता ते आधी देवाला दाखवा, नका दाखवू, तुमच्या घरची रीत तुम्ही जाणता. पण वाढायच्या आधी कुणीतरी ते तोंडात घाला. आणि ज्याच्या पानात वाढलंय त्यानं खरं बोलावं. नुसत्या "छान"नं माणूसही उपाशी राहतं आणि रांधणारीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम्मानं वाटीभर रस्सा देवापुढं ठेवला. धनलक्ष्मीनं माझ्यातून दोन थेंब तळहातावर घेऊन चाखले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "अव्वा, हिचं पितळ उतरतंय." तिनं तो रस्सा मोरीत ओतला, मला चिंचेनं घासून खिळ्याला टांगलं आणि लाकडी डावानं दुसरा रस्सा केला, तोही देवाला दाखवून चाखला. "आता हे नको," म्हणत मिन्सूनं फ्रिजवरचं कंपनीचं पत्र काढून गरम पातेल्याखाली ठेवलं आणि दोन वाट्या रस्सा खाल्ला.