शेपटी

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या संगणकप्रमुखाला सगळे पाठीमागे ‘सर्वज्ञ’ म्हणत. कौतुकानं नव्हे. समोरच्याला अक्कल नाही हे धरूनच तो तोंड उघडायचा.

रोज सकाळी त्याचा प्रोग्राम दोन याद्या जोडायचा, रुग्णांची आणि प्रयोगशाळेच्या रिपोर्टांची. नंबर दोन्हींत सापडला की ऑपरेशनची तारीख मिळे. तीन महिन्यांत एकेचाळीस जण या जोडणीतून गळले होते. सर्वज्ञानं निदान केलं, टायपिस्ट मावशी नंबर टाइप करताना चुका करतात. त्यांना नोकरीवरून काढायचा कागद दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोचलाही होता आणि दुपारी सही व्हायची होती.

मावशींना काळजी होती ती नोकरीची. सर्वज्ञाचा त्यांना रागही येत नव्हता. रागावायला समोरच्याची थोडी किंमत वाटावी लागते.

त्यांनी गळालेल्यांची वही त्याच्यापुढे ठेवली. सगळे संध्याकाळच्या ओपीडीचे होते. त्या कार्डांवर नंबरातलं इंग्रजी अक्षर लहान छापतात, सकाळच्या कार्डांवर मोठं. सर्वज्ञानं वही एका बोटानं बाजूला सारली, दोन्ही याद्या आपल्याच संगणकावर क्रमानं लावल्या आणि जोडल्या. एकही गळला नाही.

“मी हात लावला की चालतं,” तो म्हणाला.

“टायपिंग तर माझंच आहे ना यात?” मावशी म्हणाल्या.

मग मावशींनी रोज सकाळी चालते ती प्रोग्रामच्या हुकमाची ओळ पाहायला मागितली. ओळीच्या शेवटी एक छोटी शेपटी होती. हे काय, म्हणून विचारलं, तर शाळेतल्या पोराला सांगावं तसं त्यानं सांगितलं, की मशीनच्या तक्रारी कचऱ्यात टाकायची ती सोय. उगाच कटकट नको म्हणून त्यानंच लावलेली.

“काढा बघू एकदा.”

काढली. पडद्यावर लगेच उमटलं, रिपोर्टांची यादी क्रमानं लावलेली नाही.

सर्वज्ञाचा चेहरा उतरला. त्याच्या संगणकाच्या लोकेल सेटिंगमध्ये, म्हणजे अक्षरांचा क्रम ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, लहानमोठी अक्षरं शेजारी बसतात. रिपोर्टांची यादी रोज लागते त्या प्रयोगशाळेच्या मशीनमध्ये सेटिंग दुसरं, तिथे आधी सगळी मोठी, मग लहान. जोडणारा प्रोग्राम दोन्ही याद्यांत फक्त पुढेच सरकतो. लहान अक्षरांच्या रिपोर्टांशी येईपर्यंत ते रुग्ण मागे पडलेले असायचे. दोन्हीकडे एकच सेटिंग ठेवायला त्याला एक शब्द पुरला. एकेचाळीसही जण यादीत आले.

साहेबांच्या खोलीत तो म्हणाला, “मशीनचा घोळ होता, सर. मी निस्तरला.”

“मशीन बिचारं तीन महिने रोज सांगत होतं,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “यांनी त्याचं तोंड बांधून ठेवलं आणि बोट माझ्याकडे दाखवलं.”

साहेबांनी तोच कागद उचलला, मावशींचं नाव खोडलं आणि पेन सर्वज्ञापुढे सरकवलं.

“कुणाचं नाव घालायचं ते तुम्हाला सगळ्यात चांगलं माहीत असेल,” ते म्हणाले.