एकेकीला बोलावलं

"बसा ना ओदिलियाबाई, उभ्या का?" कंपनीच्या कामगार विभागातल्या हिमेनाबाईंनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली, तेव्हाच ओदिलियाच्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं या मळ्यात गुलाब कापले, कधी कुणी बस म्हटलं नव्हतं. वर गुळाचं गरम पाणी! आणि गुडघ्याची विचारपूस! माझ्या गुडघ्याचं हिला काय पडलंय?

तक्रार तिघींची होती: ओदिलिया, लुझ दारी आणि रेइनेल्दा. मुकादम एदिल्बेर्तो वाफ्यांमध्ये बाईला एकटं गाठून अंगचटीला यायचा. मळ्यातल्या कार्मेनमातेच्या मूर्तीपुढे तिघींनी शपथ घेतली होती, बोलायचं तर तिघींनी. पण कंपनीनं बोलावलं एकेकीला.

सकाळी लुझ दारी ऑफिसात जाऊन आली. बाहेर पडली ती पांढरा कोट घालून, मान खाली घालून, थेट पॅकिंगच्या इमारतीकडे. पांढरा कोट! ना चिखल, ना काटे. त्यासाठी इथल्या बायका नवस बोलतात. "विकली गेली बया," ओदिलिया तेव्हाच पुटपुटली होती.

"त्या दोघी म्हणतात, गैरसमज झाला," हिमेनाबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही एकट्याच उरलात. ऐन हंगामात चौकशी लावली, तर तुमचे वाफे दुसरीला द्यावे लागतील. बघा बाई."

तिचे वाफे! त्यातलं रोप न् रोप तिनं पोरासारखं वाढवलं होतं. आणि त्या दोघींनी आपलं साधून घेतल्यावर तिनंच का मरायचं?

"झाला असेल गैरसमज," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत लुझ दारी भिंतीशी उन्हात कुडकुडत बसली होती.

"काय मॅडम, बढती मानवली नाही वाटतं?" ओदिलियानं टोमणा मारला.

"कसली डोंबलाची बढती, ताई! पॅकिंगमधल्या शीतगृहात टाकलंय. तोंड उघडल्याची शिक्षा. रेइनेल्दाला तर गेटाबाहेरच काढलं. पण आम्ही दोघींनी सगळं सांगितलं हं, एक शब्द गाळला नाही. आता तूही सांगून आलीस. बघूच त्याला कोण वाचवतं!" तिनं आपली मक्याची भाकरी, अरेपा, अर्धी मोडून ओदिलियाच्या हातात ठेवली. "खा, गार होईल."

ओदिलियाला हिमेनाबाईंच्या गोड बोलण्याचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा. मक्याचा तो तुकडा तिला तोंडात घालवेना. ती तशीच उठली आणि ऑफिसकडे चालू लागली.

"बाई जेवायला गेल्यात," दारावरचा पहारेकरी म्हणाला. "आणि तुझं तर मिटलं ना?"

"नाही मिटलं."

ती पायरीवर बसली. कामाचा भोंगा झाला. बायका वाफ्यांकडे निघाल्या. लांबून एदिल्बेर्तोनं तिच्या नावानं हाक मारली, मग पुन्हा एकदा, जोरात. ती जागची हलली नाही.