निरोगी तुकडा

ताईची उमेदीची वर्षं एका कणापायी गेली होती. डोळ्यांना न दिसणारा हा कण गाठीच्या पेशींना चिकटायचा आणि विशिष्ट दिव्याखाली तांबडा उजळायचा. आधीचे कण जड धातूंचे. उजळायचे झकास, पण यकृतात विष साठवायचे. ताईने ते कार्बनपासून बनवले आणि प्रयोगशाळेतले उंदीर ठणठणीत राहिले. त्याच कणावर औषध लादून गाठ जाळायचं काम मात्र रखडलं होतं.

अशात धाकट्या बहिणीच्या, चिमीच्या, पोटात गाठ निघाली.

शस्त्रक्रियेआधी सर्जनबाईंनी दुर्बिणीतून दोन तुकडे काढले. एक गाठीचा, दुसरा गाठीपासून लांबचा, त्यांच्या मते निरोगी. "थोडं ताईलाही द्या," चिमीने सही करताना सांगितलं. "घरची गाठ, बाहेर कशाला?" या थट्टेवर आई रागावली, तशी चिमी आणखीच हसली.

ताईने तुकडे कणांच्या द्रावात भिजवले, धुतले आणि खोलीत अंधार करून तो दिवा लावला. गाठीचा तुकडा निखाऱ्यासारखा उजळला. मग तिने निरोगी तुकड्याची काचपट्टी सरकवली. तोही उजळला, ठिपक्याठिपक्यांनी, सगळीकडे. तिने तो पुन्हा धुतला. तांबडं हटलं नाही. इतकं सुरेख चित्र तिला आजवर मिळालं नव्हतं. तिने दिवा विझवला.

रुग्णालयाच्या तपासणीतही तेच निघालं. सर्जनबाईंनी शस्त्रक्रिया रद्द केली. "कापायचं म्हटलं तर थांबायचं कुठे?" एवढंच त्या म्हणाल्या.

चिमीने ताईला पलंगाशी बसवून घेतलं.

"तुझ्या कणांवरचं ते औषध मला दे."

"माणसाला देता येत नाही, चिमे."

"उंदरांचं काय झालं?"

"काहींच्या गाठी आटल्या. काही तडफडून मेले."

"मग मला त्यांच्यात धर. उंदीर व्हायला काय शिक्षण लागतं का गं?"

ताईने माणसांवरच्या प्रयोगांना मान्यता देणाऱ्या समितीकडे परवानगी मागितली. नकार आला. एकदा तिने शीतकपाटातली बाटली पर्समध्ये टाकलीसुद्धा. जिन्यापर्यंत गेली. तडफडणारे उंदीर डोळ्यांपुढे आले आणि ती माघारी फिरली.

"आणलं नाहीस ना?" तिचा चेहरा बघूनच चिमीने ओळखलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती आईशी बोलायची, नर्सशी बोलायची, ताईशी नाही. ताई केस विंचरायची, ओठ ओले करायची. चिमी करू द्यायची, पण डोळे मिटून. तशीच ती गेली.

"दिलं असतंस तर?" आईने एकदाच विचारलं.

ती कामावर परतली, पण तांबडा उजेड तिला सोसेना. शेवटी तिने विभाग बदलून घेतला. आता ती तसल्याच निरुपद्रवी कणांनी पिण्याच्या पाण्यातलं शिसं शोधते. हे कण निळे उजळतात. सहकारी म्हणतात, बाई कामाला वाघ आहे. जेवायला मात्र ती कुणाबरोबर बसत नाही.