परीक्षकाच्या पायाखालचा ब्रेक

मी ब्रेक बोलतोय. गाडी चालवणाऱ्याच्या पायाखालचा मान माझ्या थोरल्या भावाचा. मी शेजारच्या सीटपुढे, परीक्षकाच्या पायाखाली. गाडी कारखान्यातून आली तेव्हा मी नव्हतोच. एका मेकॅनिकने मला नंतर बसवलं आणि लोखंडी दांडीने आम्हा भावांना जोडून टाकलं. त्याला दाबलं की मी खाली जातो, मला दाबलं की तो.

आमच्या गाडीत परवाना रद्द झालेल्यांची फेरपरीक्षा व्हायची. कोणी दारू पिऊन चालवलेली, कोणी सिग्नल तोडलेले. इथे मात्र सगळे गरीब गाय होऊन येत. आरसा तीनतीनदा नीट करत, पट्टा ओढून ओढून बघत. नियम साधा होता: परीक्षकाला मला दाबावं लागलं, की चालवणारा नापास. म्हणजे मी जितका रिकामा, तितकं लोकांचं भलं. नऊ वर्षं मी बऱ्यापैकी रिकामा बसलो आणि कधी कुरकुर केली नाही.

परीक्षक बाई कडक, पण मनाने सरळ. त्यांना एकच खोड होती. परीक्षेआधी त्या समोरच्याची फाइल वाचायच्या, आणि आत काही वाईट असलं की त्यांचं पाऊल आपोआप माझ्यावर येऊन टेकायचं. त्यांच्या ते ध्यानातही नसे. मला मात्र वजनावरून फाइल कळायची.

त्या दिवशी पाऊल चांगलंच जड होतं. परीक्षेला आला होता बेकरीची गाडी चालवणारा एक माणूस. दोन वर्षांपूर्वी फोनकडे बघता बघता त्याने एका सायकलवाल्या मास्तरांना उडवलं होतं. मास्तर वाचले, पण पाय अधू झाला. तेव्हापासून बेकरीची गाडी त्याची बायको चालवत होती, आपलं शिलाईचं दुकान बंद ठेवून. तीच त्याला घेऊन आली होती. खिडकीशी वाकून म्हणाली, "अहो, श्वास तरी घ्या. परीक्षा आहे, फाशी नाही. आणि पास व्हा, मला माझी मशीन उघडायची आहे."

तो कसनुसा हसला आणि त्याने गाडी सुरू केली.

चालवली मात्र त्याने झकास. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. हा प्रत्येक वळणावर ताक फुंकत होता. शेवटच्या रस्त्यावर उभ्या टेम्पोमागून एक आजोबा हातात पिशवी घेऊन सरळ गाडीसमोर आले. भाऊ खाली गेला, त्याच्यासोबत मी गेलो, आणि वरून बाईंचं पाऊल माझ्यावर जोरात आलं. गाडी जागच्या जागी थांबली. आजोबांनी आमच्याकडे एकदा रागाने बघितलं आणि ते रस्ता ओलांडून गेले.

बाईंनी विचारलं, "आधी कोणी दाबला?"

त्याने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "तुम्ही, बाई."

"नक्की?"

"मला वाटतंय, मी दाबला. पण मास्तरांच्या वेळीही मला असंच वाटलं होतं. तेव्हा मी दाबलाच नव्हता. माझ्या वाटण्यावर आता माझा भरवसा नाही. तुमचाच धरा."

अरे वेड्या, माझा भाऊ माझ्याआधी हलला होता. दांडी तिकडून ओढली गेली, इकडून नाही. केसभराचाच फरक, पण फरक होता. मी दांडीला धरून तळमळलो. लोखंडाला वाचा नसते, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

बाई पेन धरून बसल्या. त्यांनाही खात्री नव्हती. शेवटी त्यांनी 'नापास' लिहिलं आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं.

बायकोने त्याचा चेहरा बघितला. "चला, बसा तिकडे. पट्टा लावा," एवढंच म्हणाली आणि बेकरीच्या गाडीत स्वतः चालवायला बसली.

पुढच्याच महिन्यात आमची गाडी मोडीत निघाली. भाऊ कुठे गेला, ठाऊक नाही. मी गॅरेजच्या फळीवर तेलकट चिंध्यांमध्ये पडून आहे. नव्या गाडीत म्हणे कोणाचा पाय आधी पडला ते दिव्यावर दिसतं. चांगलं आहे. मला मात्र तो माणूस नंतर परीक्षेला आला की नाही, हे कधीच कळलं नाही. त्याने नादच सोडला असेल, या विचाराने जिवाला घोर लागतो.

तुम्ही रस्त्यावरची माणसं. कधी बेकरीच्या गाडीत, बायकोच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून बसलेला माणूस दिसला, तर माझा निरोप त्याला द्या. म्हणावं, त्या दिवशी तुझाच पाय आधी पडला होता.